माणसं नसलेला गाव

आमच्या घरात सकाळी पहिला आवाज व्हायचा तो लाकडी मोगरीचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, पडवीत बसून भिजवलेली शाडूची माती ठोकायला लागायचे. तो धप धप आवाज शेजारच्या वाडीतल्या रहाटाच्या कुरकुरीत मिसळून जायचा. त्या दोन्हींच्या मागे समुद्राची गाज असायची, पण ती आम्हाला ऐकू यायची नाही. बाहेरगावचा पाहुणा आला आणि म्हणाला, की समुद्र किती ओरडतो हो तुमचा, की मगच ऐकू यायची. आमचा गाव श्रीवर्धनहून फार लांब नव्हता. पुढे पुळणीची वाळू, मागे नारळीपोफळीच्या वाड्या आणि मधून गेलेली एक लाल वाट. त्या वाटेवर आमचं घर. अण्णा गणपती करायचे. आसपासच्या गावांतले पुष्कळ गणपती आमच्याच पडवीतून लोकांच्या डोक्यावर बसून आपापल्या घरी जायचे. शिमगा झाला की मचव्यातून माती यायची आणि मग चतुर्थीपर्यंत घरात जिकडे तिकडे हात, सोंडा, पाट, मुकुट. आई एकीकडे चुलीत बोंबील भाजायची, दुसरीकडे तांदळाची भाकरी थापायची आणि मध्येच ओरडायची, "मातीचे हात भाकरीला लावाल तर बघा." आम्ही लावायचोच. कुळथाच्या पिठल्यात बुडवलेल्या भाकरीला शाडूची एक थंड चव असायची. ती मला नंतर कुठेच मिळाली नाही.

गणपतीचे उंदीर माझ्याकडे असायचे. लहान होते तेव्हापासून उंदीर वळायचे आणि पुढे पुढे छोटे गणपतीही करायला लागले, अण्णांच्यासारखेच अगदी. सोंडेचं वळण, पोटाचा गोल, मांडीची घडी, सगळं ठरलेलं. "हात सांगंल तसं जाऊ नको, मूर्ती सांगंल तशी जा," असं अण्णा म्हणायचे. मला त्यात काही अडचण वाटत नव्हती. शाळेतही तसंच होतं. आमच्या शाळेला दोन खोल्या आणि पुढे एक लांब ओसरी. हेडमास्तर रावजी मास्तर चित्रकलेच्या तासाला फळ्यावर एक आंबा काढायचे, किंवा तांब्या, किंवा पिंपळाचं पान, आणि आम्ही पाटीवर तेच काढायचं. ज्याचं पान फळ्यावरच्या पानासारखं नसेल त्याच्या बोटांवर पट्टी. माझी बोटं कधी लाल झाली नाहीत.

मग दिवाळीनंतर गद्रे मास्तर आले. वयाने अगदी तरुण, अंगात एक सैल कोट, आणि बोलताना समोरच्याकडे असे बघायचे जणू काही त्यालाच काहीतरी विचारायचंय. शाळेच्या मागच्या बाजूला एक खोली होती तिथे राहायचे, हाताने भात टाकायचे. रावजी मास्तरांनी चित्रकलेचा तास त्यांच्याकडे दिला, आणि पहिल्याच तासाला ते फळ्याजवळ उभे राहिले, खडू हातात घेतला, परत ठेवला आणि म्हणाले, "आज काय काढायचं?"

आम्हाला वाटलं, ते विसरले. शेवटी एकजण म्हणाला, "आंबा."

"का बरं?"

आंबा का म्हणजे काय? आंबा काढतात म्हणून. मास्तर म्हणाले, "बरं, आंबा काढा." आम्ही काढले. त्यांनी सगळ्या पाट्या पाहिल्या, कुणाला चांगलं म्हटलं नाही, कुणाला वाईट म्हटलं नाही. पुढच्या तासाला पुन्हा तेच, "आज काय काढायचं?" घरी जाऊन मी आईला सांगितलं, की नव्या मास्तरांना चित्रकला येत नाही. आई म्हणाली, "येत नसंल बिचाऱ्याला. शिकंल हळूहळू."

मी एकदा गणपती काढला. मला खात्री होती, की आता तरी ते काहीतरी म्हणतील. त्यांनी पाटी हातात घेतली. "हा कुणी काढला?"

"मी."

"कसा काढलास?"

"अण्णा करतात तसा."

"हं," असं म्हणून त्यांनी पाटी परत दिली. मग म्हणाले, "आणि तुला काय काढावंसं वाटतं?" मला काय वाटतं ते मला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ते मास्तरांना कसं ठाऊक असावं हेही कळेना. घरी हे सांगितल्यावर अण्णांची मोगरी थांबली. "अण्णा करतात तसा न्हाई तर कसा करतात गणपती?" असं ते मलाच विचारायला लागले. त्यांना राग आला होता की खरंच उत्तर हवं होतं, कोण जाणे. त्या दिवसापासून माझे उंदीर बिघडायला लागले. पूर्वी हात आपोआप चालायचा. आता मध्येच थांबायचा आणि वाटायचं, हा उंदीर माझा की अण्णांचा?

वर्गात माझ्या मागे हमीद बसायचा. त्याला मात्र काही अडचण नव्हती. तो प्रत्येक तासाला आगबोट काढायचा. मोठी, दोन धुराड्यांची, पाण्यात निम्मी बुडालेली, आणि तिच्यावर एकही माणूस नाही. त्याचे वडील आगबोटीवर कोळशाच्या भट्टीवर कामाला होते. बसऱ्याच्या बंदराकडे जातो म्हणून गेले आणि मग बरेच दिवस त्यांची काही खबर नव्हती. हमीदची आई, हलिमाबी, सुपाऱ्या सोलायला आमच्या शेजारच्या वाडीत यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "येतील." एवढंच.

शिमग्याच्या सुमाराला एक दिवस गद्रे मास्तर आमच्या पडवीत आले आणि अण्णांना म्हणाले, "थोडी माती मिळेल का? पोरांसाठी."

"काय करनार पोरं?"

"ते अजून ठरलेलं नाही."

"मग माती कशाला नेता?"

मास्तर हसले. "माती असली म्हणजे ठरेल, असं वाटतं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, आणि कधी कुणाला चिमूटभर माती न देणाऱ्या माझ्या वडिलांनी एक भरलेली टोपली उचलून दिली. का दिली ते मी त्यांना पुढे मोठेपणी विचारलं होतं. म्हणाले, "त्याचं बोलनं मला कळलं न्हाई. म्हनून दिली."

मातीचं काय करायचं यावर वर्गात असं भांडण झालं, की रावजी मास्तर दोनदा येऊन डोकावून गेले. गद्रे मास्तर भिंतीला टेकून ऐकत होते. कुणी किल्ला म्हणालं, कुणी बैलगाड्या. शेवटी ठरलं, की ओसरीवर आपला गाव करायचा. हे कुणी सुचवलं ते आता आठवत नाही, आणि प्रत्येकाला ते आपणच सुचवलं असं वाटत होतं. मग रोज दुपारी आम्ही गाव बांधायला लागलो. ज्याचं त्याने आपलं घर करायचं, म्हणून ज्याचं त्याचं घर सगळ्यात मोठं झालं. खोतांच्या वसंताचं घर देवळापेक्षा उंच झालं आणि त्यावरून मारामारी झाली. मास्तरांकडे गेलो तर म्हणाले, "चालून बघा कुठून कुठे किती पावलं पडतात ते." मग आम्ही सगळा गाव पावलांनी मोजत हिंडलो, आणि बायका दारात येऊन विचारायला लागल्या, की शाळा आता रस्त्यावर भरते का. हळूहळू देऊळ देवळाएवढं झालं, मशीद मशिदीएवढी, धक्का धक्क्याएवढा. काशी भंडाऱ्याच्या घरची. तिने काड्या टोचून पोफळींची वाडीच्या वाडी उभी केली. माझे हात मातीत मुरलेले, म्हणून सगळेजण मला हाक मारायचे. भिंत उभी राहत नाही, कौल चिकटत नाही. मला फार बरं वाटायचं. त्या दिवसांत मास्तरांनी मला काही विचारलं नाही.

घरं झाल्यावर माणसांचा प्रश्न आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण माणसं मीच करणार हे उघड होतं. तेव्हा हमीद म्हणाला, "माज्या घरात माणूस नको."

"का रे?"

"आमच्यात जिता जीव करीत न्हाईत. चाचा म्हंतात, केलास तर कयामतीला अल्ला विचारंल, आता ह्यात जीव घालतोस का म्हणून. तो कुटून घालनार?"

मला हे फार विचित्र वाटलं, आणि खरंही वाटलं. आमच्या गणपतींमध्ये भटजी येऊन जीव घालायचे, आणि विसर्जनाच्या दिवशी काढूनही घ्यायचे. म्हणजे जीव घालण्याचं काम वेगळ्या कुणाचंतरी, हे दोन्हीकडे सारखंच होतं. मग अण्णांना कुणी का विचारत नाही? मी हे बोलून दाखवलं आणि सगळ्यांचा आणखी गोंधळ उडाला. वसंता म्हणाला, हमीदच्या एकट्याच्या घरात नसली तरी चालेल. काशी म्हणाली, मग ते एकटंच घर रिकामं दिसेल आणि हमीदला वाईट वाटेल. शेवटी ठरलं, की मग कुणाच्याच घरात नको. मास्तरांनी विचारलं, "नक्की?" आम्ही म्हणालो, नक्की.

गाव बघायला पहिल्यांदा बायका आल्या, पाण्यावरून परतताना, डोक्यावरच्या कळश्या ओसरीच्या कडेला ठेवून. त्यात वसंताची चुलती भागीरथीकाकू होती. आधी सगळ्या हसत होत्या, हे माझं घर, ही तुझी विहीर. मग भागीरथीकाकू म्हणाली, "माणसं कुठायत रे?" कुणी उत्तर द्यायच्या आत ती ओसरीवर खाली बसली. ती हळू आवाजात म्हणाली, "असाच होता. साथीच्या साली असाच होता गाव. दारं उघडी नि कुणी नाही." त्या साथीत तिची दोन मुलं गेली होती, हे मला घरी आल्यावर आईने सांगितलं. आमच्यापैकी कुणीच ती साथ पाहिली नव्हती. आम्ही एक गाव केला होता आणि आमच्या नकळत तो दुसराच कुठलातरी गाव झाला होता.

संध्याकाळी खोत स्वतः शाळेत आले. रावजी मास्तरांना बाहेर बोलावून बराच वेळ बोलले. दुसऱ्या दिवशी रावजी मास्तरांनी सगळ्यांदेखत गद्रे मास्तरांना सांगितलं, "उद्यापर्यंत यात माणसं तरी येऊ द्या, नाहीतर हे सगळं उचला. गावाला अभद्र वाटतंय. आणि तुमच्याविषयी वर कळवायची माझ्यावर पाळी आणू नका." ते वाईट माणूस नव्हते. गद्रे मास्तरांनी मान हलवली आणि मग ते आमच्याकडे वळले. मला वाटलं, आता तरी ते सांगतील. ते म्हणाले, "तुम्ही ऐकलंत. काय करायचं?"

त्या क्षणी मला त्यांचा राग आला. अजूनही कधी कधी येतो. पुढे मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवायला उभी राहिले, तेव्हा मीही पोरांना विचारायचे, आज काय काढायचं? आणि पोरं माझ्याकडे त्याच नजरेने बघायची. हे शिकवणं की शिकवण्यातून अंग काढून घेणं, याचा निकाल मला कधी लावता आला नाही. त्या दिवशी एवढंच कळत होतं, की एक मोठा माणूस अडचणीत आहे, त्याची अडचण आम्ही केली आहे, आणि ती सोडवायला तो आम्हालाच सांगतोय.

रात्री घरी जेवायला बसलो. अण्णा म्हणाले, "करून टाक मानसं नि मोकळी हो. तुज्या हाताला येतात. हवं तर मी बसतो संगतीला."

"हमीदकडे चालत नाही."

"मग त्याच्या घरात नको ठेवू."

"मग त्याचं एकट्याचंच घर तसं राहील अण्णा. काकू म्हणाली तसं, दार उघडं नि कुणी नाही."

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. आई म्हणाली, "पोरीला कशाला घोर लावलाय त्या मास्तरनं." मला अण्णांकडून उत्तर हवं होतं. मूर्ती सांगेल तशी जा, असं काहीतरी. पण हा गाव काही सांगत नव्हता.

सकाळी घंटेच्या आधीच सगळे ओसरीवर जमलो. मी टोपलीत माती घेऊन गेले होते, पण माणूस करायचा की नाही ते ठरवलं नव्हतं. बोलाचाली झाली. वसंता म्हणाला, करच. हमीद आपल्या मातीच्या घरासमोर उकिडवा बसून राहिला. तेवढ्यात काशी म्हणाली, "आमच्याकडं कोण आलंय ते मी आत जाऊन बघत न्हाय. दारातल्या वहाणा बघते." ती हे सहज म्हणाली होती, तिच्या मामांविषयी काहीतरी सांगत होती. पण एकदम सगळ्यांनी माझ्या टोपलीत हात घातले. दारोदार वहाणा झाल्या. नखाएवढ्या, तांदळाएवढ्या. मग लक्षात आलं, की आमच्या आयांना वहाणा कुठे होत्या? त्या अनवाणीच चालायच्या. मग त्यांच्यासाठी कळश्या, सुपं, अंगणात अर्धवट सोललेल्या सुपाऱ्यांचा ढीग, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. पोरांसाठी विटीदांडू. आमच्या पडवीत मी एक मोगरी ठेवली. भागीरथीकाकूच्या दारात वसंताने इतकी भांडी मांडली, की पंगत उठल्यासारखं दिसायला लागलं.

हमीदने आपल्या दारात कळशी ठेवली. मग बराच वेळ काहीतरी वळत बसला आणि कळशीशेजारी एक बुटांचा जोड ठेवला. बूट गावात कुणाकडेच नव्हते. आगबोटीवरच्या माणसाचेच ते. वसंता म्हणाला, "पण तुझे बाबा कुठे घरी आहेत?" हमीद त्याच्याकडे न बघता म्हणाला, "घर माजं हाय. मी ठरवनार." मास्तर हे ऐकत होते.

त्या दुपारी पुष्कळ लोक आले. भागीरथीकाकूला वसंता हात धरून घेऊन आला. ती आपल्या घरासमोर वाकली, एकेक भांडं बघितलं आणि म्हणाली, "एवढी उष्टी कोण काढणार रे?" मग सगळे हसले. रावजी मास्तरांनी घाम पुसला. खोत काही न बोलता गेले, आणि ते न बोलणंच आम्हाला पुरे झालं.

सगळ्यात शेवटी हलिमाबी आली. सुपारीने तिची बोटं काळी पडलेली. हमीद खांबाआड गेला. तिने आपलं घर ओळखलं, कळशी पाहिली आणि मग बूट पाहिले. ओसरीवर मी, मास्तर आणि काशी होतो. तिने विचारलं नाही, की हे कुणी केले. बुटांची टोकं रस्त्याकडे होती. ती खाली बसली, एका बोटाने तिने एक बूट फिरवला, मग दुसरा, आणि दोन्हींची टोकं दाराकडे केली. मग पदर सारखा करून निघून गेली. बाहेर जायला निघालेला माणूस तिला घरात आलेला करायचा होता, की बूट असेच काढून ठेवतात एवढंच तिला दाखवायचं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. हमीदलाही नाही. त्याने मला विचारलं, "ती रागावली काय?" मी म्हणाले, "मला काय माहीत."

हमीदचे वडील पुढच्या हिवाळ्यात परत आले. जिवंत, धडधाकट, एक बोट कमी झालेले. कुठे होते ते त्यांनी नीट कधी सांगितलं नाही आणि घरातल्यांनी फार विचारलंही नाही. हमीद पुष्कळ दिवस त्यांना हाक मारत नसे. पुढे तोही आगबोटीवर गेला.

त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी ओसरी मोकळी करायची होती. ज्याने त्याने आपलं घर न्यायचं ठरवलं. उरलेली माती परत न्यायला अण्णा आले. ते गावासमोर आले ते पहिल्यांदाच. आधी आमची पडवी पाहिली, मोगरीकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसले. मग कंबरेवर हात ठेवून धक्क्यापासून वाड्यांपर्यंत सगळं नीट निरखलं, एखाद्या मूर्तीची चूक शोधावी तसं. आणि म्हणाले, "गो, ह्यात शाळा कुठाय?"

आम्ही सगळे बघायला लागलो. देऊळ होतं, मशीद होती, विहीर, धक्का, वाटेवरचा पिंपळसुद्धा होता. शाळा नव्हती. इतके दिवस तिच्याच ओसरीवर बसून आम्ही गाव केला आणि ती कुणीच केली नव्हती. शाळा नाही म्हणजे मागची मास्तरांची खोलीही नाही. मी मास्तरांकडे पाहिलं. ते गावाकडे बघत होते, हसतायत की काय ते समजेना. "माझ्याही लक्षात आलं नाही," असं ते म्हणाले आणि घंटा द्यायला आत गेले.

मी टोपलीतली माती घेऊन शाळा करायला बसले. पण विहीर आणि पिंपळ यांच्यामध्ये, जिथे ती असायला हवी होती, तिथे आम्ही जागाच सोडली नव्हती.